कोपरची गल्ली आणि सॉफ्टवेअरमधलं आभाळ

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा : "इमारतीचं मॉडेल स्केचअपमध्ये तयार आहे. आता ऊर्जा आणि उजेडाचं विश्लेषण करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

प्रश्न रास्त आहे, पण एका नावात त्याचं उत्तर देता येत नाही. आपण ज्याला एक सॉफ्टवेअर म्हणतो, त्यात खरं तर तीन वेगवेगळी घराणी एकत्र नांदत असतात. इमारतीचा आकार आर्किटेक्टच्या घराण्यातून येतो. उष्णता आणि उजेडाचं गणित इंजिनिअर आणि भौतिकशास्त्राच्या लोकांनी रचलेलं असतं. आणि बाहेरचं ऊन, ढग, वारा येतो तो हवामानखात्याच्या नोंदींमधून. ही घराणी वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कारणांसाठी वाढली. उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा त्यांच्या सांध्यावर. म्हणून आज सॉफ्टवेअर 'कसं चालवायचं' हे बाजूला ठेवू आणि ते 'कुठून आलं' ते बघू. मी स्वतः भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून या विषयात आले. मला तरी हा इतिहास कळल्यावरच स्क्रीनवरचे रंगीत नकाशे वाचता यायला लागले.

आधी जागा बघून घेऊ

उदाहरणासाठी आपण कोपर घेऊ. डोंबिवली आणि दिवा यांच्या मधलं स्टेशन. खाली मध्य रेल्वेची मुख्य लाइन, वर दिवा-वसई मार्गाचा फलाट. आजूबाजूला खेटून उभ्या इमारती. अशी एक इमारत मनात धरा : सात मजली, साधारण २१ मीटर उंच. समोर तेवढीच उंच दुसरी. मध्ये ६ मीटरची गल्ली. तळमजल्याच्या खोलीत दुपारी बारा वाजताही ट्यूबलाइट चालू. सातव्या मजल्यावर मात्र पडदे ओढून पंखा फुल्ल.

ही मी घेतलेली काल्पनिक जोडी आहे, पण असल्या गल्ल्या तुम्ही रोज बघता. आता प्रश्न असा, की तळमजल्याला किती उजेड मिळतो आणि सातव्या मजल्याला किती ताप होतो, हे आकड्यात कसं सांगायचं?

१९१२ : गणित एका कोनाचं

हा प्रश्न मुंबईने संगणकाच्या फार आधी विचारला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या चाळींकडे सरकारचं लक्ष गेलं आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांमधल्या उजेड-हवेवर सविस्तर मांडणी केली. तिच्या मुळाशी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता.

नियम सोपा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून वर ६३.५ अंशात एक रेषा काढा. समोरच्या इमारतीने ती कापता कामा नये. कोन असा विचित्र का? कॅल्क्युलेटरवर ६३.५ अंशाचा टॅन काढा, जवळजवळ २ येतो. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. ओव्हरसिअरला शाळेतल्या कंपासपेटीने तपासता येईल असा हा नियम.

आता आपली कोपरची गल्ली त्यात बसवू. उंची २१, अंतर ६. कोन येतो ७४ अंश. ऑरसाहेबांच्या नियमाप्रमाणे मध्ये १०.५ मीटर जागा लागली असती.

या नियमात काय आहे आणि काय नाही, ते नीट बघा. त्यात आकार आहे, पण ऋतू नाही. भिंतीचा रंग नाही. आभाळ सगळीकडे सारखंच उजळ आहे असं मनात धरलेलं आहे. पुढच्या शंभर वर्षांची कहाणी म्हणजे या गाळलेल्या गोष्टी एकेक करून गणितात आणण्याची धडपड.

आकाराचं घराणं

पहिलं घराणं चित्र काढणाऱ्यांचं. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत 'स्केचपॅड' बनवलं. पडद्यावर लाइटपेनने रेषा काढायची आणि ती रेषा संगणकाला 'समजायची'. हा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध होता, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं, १९९८ मध्ये राइनो, २००० मध्ये स्केचअप आणि रेव्हिट.

या सगळ्यांचा मूळ धंदा एकच : दिसणारी वस्तू अचूक दाखवणं. भिंतीला जाडी, खिडकीला चौकट, छज्जाला उतार. काँक्रीटमधून उष्णता किती वेळाने आत येते, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं.

उष्णतेचं घराणं

दुसरं घराणं एसीवाल्या इंजिनिअरांचं. भिंतीवर ऊन पडलं की आतली बाजू लगेच तापत नाही, काही तासांनी तापते. दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली रात्री अकरा वाजता झोप न लागलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. हा उशीर हिशेबात कसा धरायचा? कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळातल्या स्टीफन्सन आणि मितालास यांनी १९६७ मध्ये 'रिस्पॉन्स फॅक्टर' पद्धत मांडली. आत्ताची उष्णता ही मागच्या कित्येक तासांच्या तापमानांची वजनं लावून केलेली बेरीज, असं ते गणित. संगणकाला हे फार सोयीचं पडलं.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. इमारती किती ऊर्जा खातात हा सरकारी प्रश्न झाला, निधी मिळाला. अमेरिकन लष्कराच्या संशोधकांनी 'ब्लास्ट' बनवलं, बर्कलीच्या प्रयोगशाळेने ऊर्जाखात्यासाठी 'डीओई-२'. पुढे या दोन्हींचं सार घेऊन २००१ मध्ये एनर्जीप्लस आलं. आज तुम्ही ज्या रंगीत खिडक्या उघडता, त्यातल्या कित्येकांच्या पोटात तेच चालतं. इकडे स्कॉटलंडमध्ये जो क्लार्क यांनी १९७० च्या दशकात 'ईएसपी' लिहिलं. ते आजही 'ईएसपी-आर' म्हणून जिवंत आहे, आणि त्याचंही मूळ १९७७ च्या एका पीएच.डी. प्रबंधात आहे.

आता सांधा बघा. एनर्जीप्लसमध्ये भिंत म्हणजे एक सपाट पृष्ठभाग, त्याला भूमितीत जाडीच नाही. प्लास्टर, वीट, प्लास्टर हे थर वेगळ्या यादीत लिहायचे. खोली म्हणजे एक 'झोन', आणि नेहमीच्या मांडणीत त्यातली सगळी हवा एकाच तापमानाची. छताजवळची आणि लादीजवळची हवा वेगळी असते, हे तिथे नसतं. म्हणून रेव्हिटमधलं देखणं मॉडेल थेट आत ढकललं की गोंधळ होतो. भिंतीच्या आतली कड धरायची की मध्यरेषा? बाल्कनी हा झोन की नुसती सावली? बॉक्स ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे यांचं काय? हे निर्णय सॉफ्टवेअर गुपचूप घेतं, किंवा तुम्ही घेता. प्रबंधात ते तुम्ही घेतलेले असले पाहिजेत आणि लिहिलेले असले पाहिजेत.

उजेडाचं घराणं

तुम्ही म्हणाल, एनर्जीप्लस उजेडही काढतं, मग वेगळं सॉफ्टवेअर कशाला? कारण त्यातली एक जुनी पद्धत अजून चालू आहे. 'स्प्लिट-फ्लक्स' नावाची. खिडकीतून आलेल्या उजेडाचे दोन भाग करायचे, एक वर छताकडे, एक खाली लादीकडे, आणि मग तो खोलीभर सारखा पसरतो असं धरायचं. चौकोनी खोलीला हे बऱ्यापैकी चालतं. एका टोकाला खिडकी असलेल्या लांबट खोलीत मात्र आतल्या टोकाला प्रत्यक्षापेक्षा जास्त उजेड दिसतो. आपल्याकडे लांबट खोल्यांना तोटा नाही.

म्हणून रेडिअन्स. ग्रेग वॉर्ड यांनी ते १९८५ च्या सुमारास बर्कलीच्याच प्रयोगशाळेत लिहायला घेतलं. त्यातली किरणं उलटी जातात : टेबलावरच्या बिंदूपासून निघायचं, भिंतीवर आपटायचं, उसळायचं आणि शेवटी आभाळ सापडतंय का ते बघायचं. किती उसळ्या मोजायच्या हे आपण ठरवतो.

कोपरच्या गल्लीत हा आकडा कळीचा आहे. तळमजल्यावर पोचणारा बराचसा उजेड समोरच्या भिंतीवरून, पुन्हा आपल्या भिंतीवरून, असा टप्पे खात खाली उतरलेला असतो. उसळ्या दोनच ठेवल्या तर तो वाटेतच संपतो आणि खोली आहे त्याहून काळी दिसते. दुसरी गोष्ट भिंतीचा रंग. नवीन पांढरट रंग निम्म्याहून जास्त उजेड परत फेकतो. चार पावसाळे खाऊन शेवाळाने काळी पडलेली भिंत त्यामानाने फारच थोडा. दोन-तीन टप्प्यांत हा फरक गुणला जातो. सॉफ्टवेअरला भिंत नवीन की जुनी ते माहीत नसतं. ते तुम्ही गल्लीत जाऊन बघायचं.

आभाळ कुणाचं?

आता सगळ्यात महत्त्वाचा सांधा. किरण शेवटी आभाळाला भिडतो. पण ते आभाळ कसं?

१९४२ मध्ये मून आणि स्पेन्सर यांनी पूर्ण ढगाळ आभाळाचं सूत्र दिलं. डोक्यावरचं आभाळ क्षितिजाजवळच्या आभाळाच्या तिप्पट उजळ. १९५५ मध्ये प्रकाशविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ते प्रमाण मानलं. उत्तर युरोपात ते स्वाभाविक होतं, कारण तिथे ढगाळ दिवस हाच सर्वसाधारण आणि वाईटातला वाईट दिवस. 'डेलाइट फॅक्टर' म्हणजे बाहेरच्या उजेडाचे किती टक्के आत आले, हा आकडा याच आभाळाखाली मोजायची पद्धत पडली.

भारतात रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात इथलं निरभ्र आभाळ मोजलं आणि चित्र उलटं निघालं. सूर्याचा लगतचा भाग सोडला तर आपलं निळं आभाळ डोक्यावर गडद आणि क्षितिजाकडे फिकट-उजळ असतं. गच्चीवर जाऊन बघा, डोळ्यांनाही दिसतं. त्यावरून 'आयएस २४४०' या भारतीय मानकात एक संकल्पित आभाळ आलं : सूर्य १५ अंश वर, थेट ऊन वगळून बाहेर ८००० लक्स. म्हणजे १ टक्का डेलाइट फॅक्टर बरोबर ८० लक्स. स्वयंपाकघराला २.५ टक्के म्हणजे २०० लक्स, बैठकीच्या खोलीला ०.६२५ टक्के म्हणजे ५० लक्स. या आभाळात १५ अंशांवरचा पट्टा डोक्यावरच्या भागापेक्षा जवळजवळ ३.९ पट उजळ आहे.

दोन सूत्रं, दोन उलटी आभाळं. कोपरमध्ये याने काय होतं, तो ढोबळ हिशेब कागदावर करून बघू. बाहेर दोन्हीकडे सारखाच उजेड धरा.

तळमजल्याच्या खिडकीला फक्त ७४ अंशांच्या वरची आभाळाची चीर दिसते. ढगाळ सूत्रात हा सगळ्यात उजळ भाग, भारतीय सूत्रात सगळ्यात गडद. दोन्ही सूत्रांची बेरीज-वजाबाकी केली की ढगाळ आभाळ या चिरेतून साधारण दुप्पट थेट उजेड देतं.

सातव्या मजल्यासमोर अडथळा नाही असं धरा. तिथल्या खिडकीला २०-२५ अंशांवरचं आभाळ छान दिसतं. आता भारतीय सूत्र दुप्पट देतं.

म्हणजे एकाच इमारतीत, एकाच चुकीच्या आभाळाने, खालचा मजला आहे त्यापेक्षा उजळ दिसतो आणि वरचा आहे त्यापेक्षा अंधारा. सरासरी काढली तर चूक दिसणारही नाही! आणि फटका कुणाला? अहवालात 'पुरेसा उजेड' म्हणून पास झालेल्या, पण दिवसा ट्यूबलाइट लावून अभ्यास करणाऱ्या तळमजल्यावरच्या पोराला. विजेचं बिलही त्याच घराला.

इथे एक 'पण' आहे. जून ते सप्टेंबर आपलंही आभाळ ढगाळच असतं. शिवाय निरभ्र दिवशी समोरच्या भिंतीवर ऊन पडलं की तिच्यावरून उसळलेला उजेड मोठा असतो, आणि संकल्पित आभाळात थेट ऊन धरलेलंच नाही. त्यामुळे कोपरला दोन्हीपैकी कुठलंच एक आभाळ पुरत नाही. वर्षाच्या ८७६० तासांचं, तासातासाला बदलणारं आभाळ लागतं. त्याची तयारी टप्प्याटप्प्याने झाली. ट्रेगेन्झा आणि वॉटर्स यांनी १९८३ मध्ये आभाळाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा वाटा एकदाच मोजून ठेवायची युक्ती दिली. पेरेझ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये थेट आणि पसरलेल्या किरणोत्सारावरून कुठल्याही तासाचं आभाळ रचणारं सूत्र दिलं. २००० च्या आसपास क्रिस्टोफ राइनहार्ट यांच्या 'डेसिम'ने हे रेडिअन्सशी जोडलं. भारताच्या व्यापारी इमारतींच्या ऊर्जासंहितेत, ईसीबीसी २०१७ मध्ये, १०० ते २००० लक्स या पट्ट्यातल्या 'उपयुक्त उजेडा'चा वर्षभराचा हिशेब आला, तो याच वाटेने.

पुण्याच्या नोंदी

पेरेझच्या सूत्राला खाऊ लागतो : दर तासाचा किरणोत्सार. तो मोजला कुणी?

इथे तिसरं घराणं येतं, आणि ते आपल्या जवळचं आहे. अॅना मणी, जन्म १९१८, त्रावणकोरमधलं पीरमेड. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम केलं, शोधनिबंध लिहिले, १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. त्यांच्याकडे एम.एस्सी. नाही म्हणून विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्या हवामानाची उपकरणं शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्याला हवामानखात्यात रुजू झाल्या.

पुण्यात त्यांनी काय केलं? तोवर उपकरणं बाहेरून यायची. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथे बनवायला घेतली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर सौर किरणोत्सार मोजणारी केंद्रं उभारली. १९७६ ला निवृत्त झाल्यावर १९८० मध्ये त्यांची भारताच्या सौर किरणोत्साराच्या आकड्यांची हस्तपुस्तिका आली, आणि १९८२ मध्ये एस. रंगराजन यांच्याबरोबर केलेला 'सोलर रेडिएशन ओव्हर इंडिया' हा ग्रंथ. भारतात सौरऊर्जेवर किंवा इमारतींच्या उष्णतेवर काम करणाऱ्या पिढ्या या आकड्यांवर पोसल्या.

पदवी न मिळालेल्या बाईने मोजलेल्या आकड्यांवर आपण पदव्या मिळवतो, हे लक्षात असू द्या. आणि त्यातला संशोधनाचा मुद्दा असा, की मॉडेल कितीही हुशार असलं तरी कुणीतरी उन्हात उभं राहून उपकरण तपासलेलं असावं लागतं.

आता कोपरकडे परत. तुम्ही मुंबईची वेदर फाइल उतरवता. नावात ४३००३० दिसलं तर ते सांताक्रूझ, ४३०५७० असेल तर कुलाबा. कोपर सांताक्रूझपासून सरळ रेषेत साधारण २५ किलोमीटर आत, मध्ये पारसिकचा डोंगर. एप्रिल-मेमध्ये कल्याण-डोंबिवलीचा दुपारचा पारा मुंबईच्या वर जातो, हे आपण दरवर्षी अनुभवतो. फाइलला ते ठाऊक नाही. शिवाय जगभरच्या बऱ्याच वेदर फाइलींमध्ये किरणोत्सार थेट मोजलेला नसतो. ढगांच्या नोंदी आणि सूर्याची जागा यांवरून सूत्राने काढलेला असतो. म्हणजे तुमच्या मॉडेलच्या खाली आणखी एक मॉडेल.

तिघं एका टेबलावर

या तिन्ही घराण्यांना एकत्र बसवायचा लोकप्रिय प्रयत्न म्हणजे इकोटेक्ट. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे अँड्र्यू मार्श यांच्या पीएच.डी.च्या कामातून ते वाढलं. आर्किटेक्टला कळेल अशा चित्रांत सावल्या, उष्णता, उजेड दाखवणारं. भारतातल्या आर्किटेक्चर कॉलेजांत ते घरोघरी पोचलं. २००८ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं आणि २०१५ मध्ये विक्री बंद केली. ज्यांचे प्रबंध तेव्हा अर्ध्यावर होते त्यांनी काय केलं असेल, विचार करा. पीएच.डी. चार-पाच वर्षं चालते, सॉफ्टवेअर तेवढं टिकेलच असं नाही. म्हणून मी सांगते, पोटातलं इंजिन खुलं असलेलं साधन घ्या आणि मॉडेलच्या मूळ मजकूर-फाइली जपून ठेवा. २०१३ पासून राइनो-ग्रासहॉपरवर चालणारं लेडीबग आणि त्याची भावंडं हेच करतात. स्वतः गणित फारसं करत नाहीत, मागे एनर्जीप्लस आणि रेडिअन्सला कामाला लावतात.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. आयआयटी मुंबईत 'टॅडसिम' नावाचं, आर्किटेक्टसाठीचं सिम्युलेशन साधन तयार झालं. २००६ मध्ये तिथल्या जे. के. नायक आणि जे. ए. प्रजापती यांची ऊर्जेचं भान ठेवणाऱ्या इमारतींवरची हस्तपुस्तिका आली. इथल्या हवामानासाठी इथले आकडे घेऊन काम कसं करतात, हे शिकायला ती आजही चांगली.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

सॉफ्टवेअरचं नाव लिहिण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

१. आकार : मॉडेलमधून काय गाळलं? ग्रिल, पडदे, समोरची इमारत? समोरची इमारत गाळली असेल तर कोपरसाठी पुढचं काहीच वाचायची गरज नाही.

२. गणित : उजेड स्प्लिट-फ्लक्सने काढला की किरणं सोडून? उसळ्या किती? समोरच्या भिंतीची परावर्तकता गृहीत धरली की मोजली?

३. आभाळ : ढगाळ, भारतीय संकल्पित, की तासागणिक? आणि तेच का?

४. नोंदी : वेदर फाइल कुठल्या केंद्राची, कुठल्या वर्षांची, किरणोत्सार मोजलेला की काढलेला?

आणि एक छोटा व्यायाम. पाठ्यपुस्तकं सांगतात की उत्तरेच्या खिडकीतून भर दुपारी ऊन येत नाही. बर्कली किंवा ग्लासगोला हे बारा महिने खरं आहे. कोपर १९.२ अंश उत्तरेला. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. २१ जूनला उत्तरेकडून सुमारे ८६ अंश उंच. तुमच्या मॉडेलमध्ये २५ मेची दुपार लावा आणि उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडतंय का ते बघा. पडत नसेल, तर उत्तर दिशा किंवा अक्षांश कुठेतरी चुकीचा भरलाय. पुढे जाण्याआधी तो दुरुस्त करा, मग छज्जाची खोली ठरवायला घ्या.